औंढ्याला सोडलेलं दूध

आमच्या सासरी प्रत्येक माणसाला काही ना काही बाधत असे. सासूबाईंना वांगं बाधे. एक फोड पोटात गेली की अंगभर पित्ताच्या गांधी उठत आणि मग दोन दिवस घरात वांग्याचं नावही काढायची सोय नसे. सासऱ्यांना हरभऱ्याची डाळ बाधे, पुरणपोळी मात्र बाधत नसे. पुरण कशाचं करतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची आमची छाती नव्हती. पावसाळ्यात दोन महिने मुक्कामाला येणाऱ्या आतेसासूंना तर जगातलं सगळंच अन्न बाधे, फक्त ते तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर बाधे. मी नांदायला गेले त्याच दिवशी मला विचारण्यात आलं, तुला काय बाधतं? काहीच नाही, असं खरं ते मी सांगून टाकलं आणि त्या घरातली माझी किंमत तिथेच ठरली. ज्याला काही बाधत नाही त्याच्या ताटाकडे कोण बघतो?

बाधण्याच्या विद्येत एवढ्या पारंगत असलेल्या या घराला एका कुत्र्याला काय बाधतं ते ओळखता आलं नाही. ओळखून दाखवल्यावर पटलं नाही. पटवायला शेवटी देवाला मध्ये घालावं लागलं, त्याची ही हकीकत आहे.

कुत्रं माझं होतं. लग्न झाल्यावर दीड वर्ष मी माहेरीच होते, जवळा बाजारला. वडील तिथे शाळामास्तर. शाळेच्या मागच्या पडवीत एक कुत्री व्याली, पिलं एकेक करून गेली, एक उरलं, ते मी वाढवलं. पांढरं, पाठीवर तांबडा पट्टा. मास्तराच्या घरात दूध यायचं ते देवापुरतं आणि आजारी माणसापुरतं, त्यामुळे ते कुत्रं ज्वारीची भाकर आणि तुरीच्या वरणाचं पाणी यांवर वाढलं. अंगावरची लव अशी तकतकीत की बाजाराला आलेली माणसं थांबून बघत.

मला न्यायला बैलांची दमणी आली तेव्हा वडिलांनी त्याला शाळेच्या खांबाला बांधून ठेवलं. वाटेत वारंग्याला बैल सोडले आणि मी खाली उतरले, तर हे चाकाजवळ बसलेलं, गळ्यात चावून तोडलेल्या दोरीचा तुकडा. तिथून डोंगरकड्याच्या अलीकडच्या आमच्या गावापर्यंत ते दमणीखालून चालत आलं. दारात सासूबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तो त्याने वरच्या वर झेलला आणि खाल्ला. माझी इडापिडा पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात गेली, असं आतेसासू नंतर प्रत्येक प्रसंगी सांगत. वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी सुनेने हुंड्यात म्हैस आणली होती, आमच्या सुनेने कुत्रं आणलं, हेही सांगत.

त्याला नाव ठेवू दिलं नाही. सासूबाईंचं म्हणणं असं, की नाव ठेवलं की जनावर घरचं होतं आणि मग घालवता येत नाही. म्हणून ते नुसतं ‘ते’. मलाही त्या घरात कुणी नावाने हाक मारत नव्हतं, मी ‘ती’. ती आणि ते असे आम्ही दोघं तिथे नांदू लागलो. नवरा होता, पण त्याचं या गोष्टीत काम नाही. शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं आणि घरात शेवटी कधीच मी बोलत नव्हते.

आमचं घर म्हणजे दुधादुभत्याचं. तीन म्हशी, एक दिवसाआड रवी फिरायची. आमच्याकडे ताक विकायची चाल नाही. ताक विकणं म्हणजे घरची लक्ष्मी विकणं. सकाळी आळीतल्या बाया तांबे-चरव्या घेऊन यायच्या आणि सासूबाई ओतत जायच्या. रांगेच्या शेवटी कुत्रं बसायचं. उरलंसुरलं ताक, खरवड, सायीचं भांडं विसळलेलं पाणी, सगळं त्याच्या खापरात. एवढं सुख त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. मलाही आधी बरं वाटलं. म्हटलं, दोघांपैकी एकाचं तरी सासर चांगलं आहे.

वर्षाच्या आत त्याने खाजवायला सुरुवात केली. आधी कान. कान आतून लाल, हात लावला तर गरम, आणि आंबूस वास. मग पुढच्या पायांची बोटं चाटायला लागलं, इतकी की तिथली पांढरी लव तांबूस झाली. मग काखा, मग पोट, मग डोळ्यांभोवतीचे केस गेले आणि चष्मा लावल्यासारखं दिसायला लागलं. पोट कायम बिघडलेलं. सहा महिन्यांत त्या तकतकीत जनावराची अशी दशा झाली की गावातली पोरं त्याला बघून नाकाला पदर लावायचा अभिनय करत.

गावाने निदान करायला वेळ लावला नाही. लूत. लूत भरली म्हणजे भरली. आणि लूत का भरते, तर अंगातल्या उष्णतेने. आमच्या गावात उष्णता हा एकच रोग होता. डोळे आले, उष्णता. दात दुखला, उष्णता. पोरगं शाळेत नापास झालं तरी त्याच्या टाळूवर तेल थापत. आणि उष्णतेवर औषधही एकच, ताक.

म्हणून मग सगळ्या आळीने मनावर घेतलं. आधी आमच्याच घरचं ताक ते पीत होतं, आता ज्या बाया आमच्याकडून ताक न्यायच्या त्याही त्यातलं पेलाभर वाटेतच त्याला ओतायच्या. मुकं जनावर, तेवढंच पुण्य. वर करंजाच्या तेलात गंधक कालवून अंगाला, लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ, गळ्यात काळा दोरा. अंग बाहेरून कडू केलं, आतून आंबट केलं, आणि खाज होती तिथेच होती. दर आठ दिवसांनी कुणीतरी येऊन म्हणायचं, उतार पडत नाही म्हणजे ताक कमी पडतंय. मीसुद्धा पाजलं. वेगळी शहाणी होते असं काही नाही. माझ्या हाताने वाडगाभर ताक पाजून मी त्याचे कान बघत बसायची, थंडावा आला का म्हणून.

तोवर माझा पोरगा रांगायला लागला आणि प्रकरण गंभीर झालं. लेकरू ओट्यावरून रांगत जाऊन थेट कुत्र्याच्या गळ्यात पडायचं. सासरे माझ्याशी बोलत नसत. त्या काळी सासऱ्यांनी सुनेशी बोलायची रीत नव्हती, त्यामुळे मला काही सांगायचं असलं की ते ओट्यावरच्या खांबाकडे बघून सांगायचे. खांबाला त्यांनी सांगितलं, की लेकराला लूत लागली, म्हशींना लागली, तर निस्तरणार कोण? आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बघू. पुढच्या बाजाराला गेले आणि कागदाच्या पुडीत कुचला, कुत्र्यांना घालायचं विष, घेऊन आले. भाकरीत घालायचा. पुडी चुलीवरच्या उंच फळीवर ठेवली, हळदीच्या डब्याशेजारी, जणू आमटीत टाकायचा मसाला. रोज सकाळ-संध्याकाळ भाकरी थापताना ती माझ्या डोळ्यांसमोर.

मला ते जगायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट होती. त्या घरात मला सून होण्याआधीपासून ओळखणारं ते एकटंच होतं.

लूत नाही हे मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या गावच्या नालबंदाने. मुसलमान म्हातारा, सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. जवानीत त्याने हिंगोलीच्या छावणीत घोड्यांना नाल ठोकले होते, छावणी उठल्यावर बैलांवर आला. कापसाच्या गाड्या हिंगोलीला जायला लागल्या की आधी बैलांचे खूर बघायला तो घरोघर यायचा. आमचा बैल पाडून, पाय बांधून, नाल मारून झाल्यावर पाणी पीत बसला असताना त्याने कुत्र्याला जवळ ओढलं. कान उलटा केला, हुंगला. बोटं फाकवून बघितली. मग मला विचारलं, या कुत्र्याला हात लावून घरात कुणाला खाज सुटली का? नाही म्हटलं. त्याच्याजवळ निजणारी दुसरी कुत्री खाजवतात का? तीही नाहीत.

तो म्हणाला, “मंग ही लूत न्हाई, बाई. लूत असती तं सहा महिन्यांत तुमी समदे खाजवत बसले असते. याला खाण्यातलं काहीतरी बाधून राहिलं.”

कुत्र्याला बाधतं? बाधणं हे आमच्या घरात थोरामोठ्यांचं असायचं. मलासुद्धा अजून ते मिळालं नव्हतं.

छावणीतल्या घोड्यांच्या अंगावर अशा गांधी उठायच्या, तेव्हा त्याचा वस्ताद औषध द्यायच्या आधी दाणा बंद करायचा, असं त्याने सांगितलं. सगळं काढून घ्यायचं. एकच दाणा द्यायचा, जो त्या जनावराला पूर्वी मानवत होता. चाळीस दिवस दुसरं तोंडात जाऊ द्यायचं नाही, एक घाससुद्धा नाही. अंग निवळलं की एकेक वस्तू वाढवायची, दर आठ-दहा दिवसांनी एक. “जी चीज दिल्यावर खाज परत येईल, ती चोर,” तो म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून उठला. जाता जाता सासूबाईंनी त्याला ताक दिलं, त्यातला शेवटचा घोट कुत्र्याला ओतायला तो वाकला आणि थबकला. मग स्वतःच पिऊन टाकला. त्या गावात एवढी अक्कल पहिल्यांदाच दिसली.

मानवलेला दाणा कुठला हे मला शोधावं लागलं नाही. ज्वारीची भाकर, वरणाचं पाणी. त्याला गोठ्याच्या कडेला बांधलं आणि माझ्या हाताशिवाय कुणाच्या हातचं खायचं नाही असा नियम केला. करणं सोपं होतं, पाळायला लावणं नाही. गावात ज्याला त्याला कुत्र्याला घास घालायचा हक्क असतो आणि सून तो हक्क काढून घेतेय म्हटल्यावर आळीत चर्चा व्हायला लागली. बांधून उपाशी मारतेय. ताक असताना ताक देत नाही. मास्तराची पोरगी, हात आखडता असणारच.

पंधरा-अठरा दिवस गेले, कान जरा निवळले, पायाला पांढरी लव दिसायला लागली. आणि विसाव्या दिवशी परत लाल. मी हादरले. मग एक सकाळ मी गोठ्यातल्या कडब्याच्या पेंढ्यांआड बसून काढली. कुणी चोर बघायचा तर चोरासारखंच बसावं लागतं.

आधी सासूबाई आल्या. पदराखालून वाटी काढली, ताक पाजलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि “उपाशी ठेवती व्हय रे तुला,” असं माझ्याविषयी चार गोड शब्द बोलून गेल्या. त्यांना मी एकवेळ समजू शकत होते. पण त्यांच्यामागून सासरे आले. त्यांचा रोजचा शिरस्ता मला ठाऊक होता, सकाळी ओट्यावर बसून पितळी पेल्यात तापवलेलं दूध प्यायचे. तो पेला हातात घेऊन ते गोठ्यात आले आणि तळाचं दूध, सायीसकट, खापरात ओतलं. ज्या माणसाने कुचल्याची पुडी आणून फळीवर ठेवली होती तोच. कुत्र्याने पिऊन होईपर्यंत थांबले, पेला धुतला, गेले.

मी सासूबाईंना दोघांचंही सांगितलं. त्यांनी सासऱ्यांना विचारलं आणि सासऱ्यांनी खांबाला उत्तर दिलं, “मरायचंच हाय ते. दोन घोट दूध पिऊन मरू दे.”

म्हणजे दूध पाजून खाज वाढवायची, खाज वाढली म्हणून मारायचं, आणि मारायचं आहे म्हणून दया येऊन दूध पाजायचं. असा तो बंदोबस्त होता.

तेव्हा माझी खात्री झाली की चोर दूधच असणार. माहेरी सगळं तेच खात होतं, एक दूध सोडून. मी सगळ्यांना समजावलं. सासूबाईंना, शेजारणींना, ताकाच्या रांगेतल्या प्रत्येक बाईला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “काहून गं, दूध कदी कोनाला बाधलं का? लेकराला चालतं, देवाला चालतं, नागोबाला चालतं, आन तुझ्या कुत्र्याला चालत न्हाई?” वांग्याच्या फोडीने अंगभर गांधी उठणाऱ्या बाईने हे विचारावं. पण खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं. दूध वाईट असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. बोलून उपयोग नाही हे मला कळलं, आणि आखाजी जवळ येत चालली होती.

शिवरात्रीला आमचं सगळं घर औंढ्याला जायचं. तीर्थाला गेलं की काहीतरी सोडायचं अशी आमच्याकडे रीत. आवडीची एक वस्तू देवापुढे सोडली की ती जन्मभर खायची नाही, आणि सोडणाऱ्याला जो कुणी ती खाऊ घालेल त्यालाही दोष. मी चौकशी केली होती, आमच्या घरातल्यांनी काय काय सोडलं त्याची. सासूबाईंनी वांगं सोडलं होतं. सासऱ्यांनी कारलं, जे ते लहानपणापासून ताटाबाहेर काढून ठेवत. आतेसासूंनी फणस सोडला होता, जो आमच्या भागात कुणी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. एवढा मोठा त्याग करून ही मंडळी दरवर्षी प्रसन्न चेहऱ्याने परत येत.

म्हटलं, आपणही सोडू. नागनाथाच्या देवळात गर्दीत ढकलत ढकलत पुजाऱ्यापुढे गेले आणि सांगितलं, माझ्या कुत्र्याचं दूध सोडायचं आहे. पुजारी भला माणूस असावा, हसला नाही. म्हणाला, जनावराला संकल्प करता येत नाही. पाणी सोडायला हात लागतो, ज्याचा हात त्याचं व्रत.

मागे सासूबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे सासरे. तीन म्हशींचं घर, कडेवर अंगावर पिणारं लेकरू. सुटका करून घ्यायला जागा होती. मी लेकराला सासूबाईंकडे दिलं, हात पुढे केला आणि म्हणाले, “मी सोडते. दूध, दही, ताक. माझं आन माझ्या हातच्या मुक्या जनावराचं.” पळीभर पाणी हातावरून खाली गेलं आणि काम झालं.

परतीच्या वाटेवर दमणीत सासूबाई मध्येच एकदा रडल्या. मला वाटलं कुत्र्यासाठी नाहीतर माझ्यासाठी. नंतर कळलं, ज्या सुनेला दूध नको ती दुभत्याच्या घरात अपशकुनी दिसते म्हणून.

पण काय सांगू तुम्हाला, जे चार महिने जीव तोडून सांगून झालं नव्हतं ते चमचाभर पाण्याने झालं. दुसऱ्या दिवशी दावं काढल्यावर ताकाच्या रांगेत कुत्रं जाऊन बसलं तर बायांनी चरव्यांवर पदर घातले. “सरक बापा, तुजं सुटलंय,” असं त्याला समजावून सांगू लागल्या. आजारी माणसाशी बोलतात तशा हळू. कुणाच्या पोराने चुकून दह्याचा भात टाकला तर त्याची आई धावत येऊन उचलून न्यायची. मला शहाणी कुणी म्हटलं नाही, पण पुण्यवान म्हणायला लागले. शहाणपणाला त्या गावात काही भाव नव्हता.

आणि सासरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला घेऊन ओट्यावर बसले. कुत्रं अंगणातून त्यांच्याकडे बघत उभं राहिलं. ते थोडा वेळ अवघडले, मग उठले, तोंड भिंतीकडे केलं आणि तसे पाठमोरे बसून दूध प्यायले. त्या दिवसापासून रोज तसंच.

पुढे काय होणार ते चाचाने सांगितलंच होतं. होळीपर्यंत कान निवळले, पाडव्यापर्यंत पायाची लव पांढरी झाली, आखाजीला डोळ्यांभोवती केस आले. सासऱ्यांनी फळीवरची पुडी काढून माझ्या चुलीपुढे ठेवली आणि गेले. मी ती उकिरड्यापलीकडे हातभर खोल पुरली. श्रेयाची वाटणी मात्र रीतसर झाली. गावाने नागनाथाला दिलं. सासूबाईंचं मत पडलं, आधी पाजलेलं ताक आता लागू पडलं. नवऱ्याला दोन्ही पटलं.

मी चाचाच्या सांगण्याप्रमाणे एकेक वस्तू वाढवत गेले. गव्हाची पोळी दिली, दहा दिवस थांबले, काही नाही. भुईमूग दिला, काही नाही. राहिलं दूध, आणि ते माझ्याच व्रतात अडकलेलं. खात्री करून घ्यायची तर देवाची चोरी. ती अडचण नागपंचमीने सोडवली. बाया वारुळाला दुधाच्या वाट्या ठेवून गाणी म्हणत परतल्या आणि नागाच्या वाट्याचं सगळं दूध आमच्या महाराजांनी एकट्याने पिऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी कान लाल. त्याच्या खाजेने आनंद झालेली मी जगात एकटीच असेन. पुढच्या वर्षापासून नागपंचमीला त्याला दिवसभर बांधून ठेवायचं, लग्नाकार्याच्या पंगती उठल्या की पत्रावळींपासून लांब ठेवायचं, गोपाळकाल्याला गावाबाहेर मळ्यात न्यायचं, एवढं पथ्य पाळलं की ते ठणठणीत.

पथ्य त्याचं होतं, जन्मभर मी पाळलं. म्हशींचं दूध काढलं, विरजण लावलं, रवी घुसळली, आणि भाकरीशी खाल्लं ते वरणाचं पाणी, कुत्र्यासारखंच. आजही कोरा चहा पिते. परवा नातसुनेने पोराला डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे. ती घाबरून आली, काहीतरी मोठं नवीन निघालं म्हणून. मी म्हटलं, बाई, बाधतं म्हणतात त्याला, एवढं इंग्रजी लावायची गरज नाही. मग तिने मला विचारलं, आजी, तुम्हाला काय बाधतं हो? तेव्हा मला एकदाचं उत्तर होतं, दूध.

ते अकरा वर्षं आणखी जगलं. ज्या वर्षी भादव्यात निजामाचं राज्य गेलं, त्याच वर्षी कार्तिकात ते गेलं, म्हातारं होऊन, दात पडून, पण अंगावर लव पुरती. शेवटचे दोन दिवस खाल्लं नाही. सासूबाई त्याच्याजवळ बसल्या होत्या. वाटी पदराखाली आणली होती हे मला दिसलं, पण बाहेर काढली नाही. तुझं सुटलंय बापा, एवढंच म्हणाल्या. करंजाच्या झाडाखाली सासऱ्यांनी स्वतः खड्डा खणला. गडी असताना कशाला, असं कुणी म्हणालं, त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पितळी पेला घेऊन ओट्यावर आले आणि नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले. दूध संपत आलं तेव्हा थांबले. मग हळूहळू वळले आणि अंगणाकडे बघत राहिले. मी दारात उभी होते. तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खांब सोडून माझ्याकडे बघितलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आता कुनीकडं तोंड करून बसू?”

मी पुढे जाऊन त्यांच्या हातातला पेला घेतला. तळाशी घोटभर दूध होतं, सायीसकट. ते घेऊन मी गोठ्याच्या कडेला गेले आणि खापरात ओतलं. अकरा वर्षांनी त्या खापरात दूध पडलं. ते कुणालाच बाधलं नाही.